एंजिन रुळविणे

नव्या किंवा पुनर्बांधणी केलेल्या अंतर्ज्वलन-एंजिनाचे परस्परांवर घासणारे भाग एकमेकांशी नीट जुळून यावेत, यासाठी आरंभीच्या काळात ते मर्यादित व बदलत्या भाराखाली चालविण्याची क्रिया. व्यवहारात हिला ‘रनिंग-इन’ म्हणतात. मोटारगाडीच्या बाबतीत हा काळ सामान्यतः पहिल्या सु. १,००० ते १,५०० किमी. प्रवासाचा असतो, नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते.

तत्त्व : यंत्रण केलेला धातूचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उंचवटे व खळगे दिसतात. सिलिंडराच्या आतील पृष्ठावर तर अपघर्षक दगडांनी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा मुद्दाम पाडलेल्या असतात. या रेषांत वंगणतेल टिकून राहते. दट्ट्याबरोबर त्याच्या कड्या वरखाली सरकू लागल्या की, उंचवट्यांची टोके झिजतात, रेषांचे तळ मात्र शिल्लक राहतात आणि कडी सिलिंडराला सर्व बाजूंनी सारखी टेकते. हे साधले म्हणजे ज्वलनातील वायू खाली तेलपात्रात निसटत नाहीत व तेल वर ज्वलन कोठीत जाऊन जळत नाही.

कडी सिलिंडरावर दाबली जाते ती केवळ तिच्या अंगच्या ताणामुळे नव्हे. संपीडन व शक्ती या धावांत दाबाखालील वायू कडीच्या मागील खाचेत शिरतो व तिला बाहेर रेटतो. हा दाब एंजिनावरील भाराबरोबर वाढतो. म्हणून ‘नवी गाडी जितकी हळू चालवावी तितके चांगले’ ही प्रचलित समजूत अर्धीच खरी आहे. भार फारच कमी राहिल्यास उंचवटे झिजत नाहीत. उलट तिरप्या रेषांत तेलाचा चिकट थर साचून सिलिंडराचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. असे एंजिन पुढे सतत तेल खाते, निळसर धूर सोडते आणि सिलिंडर पुन्हा घासून घेतल्यावाचून हा दोष बहुधा जात नाही. याउलट आरंभीच पूर्ण भार व अतिवेग दिल्यास उंचवट्यांच्या टोकांशी एवढी उष्णता निर्माण होते की, तेलाचा पापुद्रा तुटून धातूवर ओरखडे पडतात. क्वचित दट्ट्या सिलिंडरात अडकून बसतो. रुळविण्याचे कौशल्य या दोन टोकांमधील मार्ग काढण्यात आहे.

पद्धती : एंजिन सुरू केल्यावर ते जागेवर फार वेळ चालू ठेवू नये; थोड्या वेळात गाडी संथपणे हाकून तापू द्यावे. एकाच वेगाने दीर्घकाळ जाणे टाळावे. प्रवेगक पूर्ण दाबू नये, तसेच वरच्या गिअरमध्ये एंजिन गुदमरेल इतक्या कमी वेगानेही गाडी ओढू नये, कारण अशा वेळी धारव्यांतील तेलाचा पापुद्रा पातळ होतो. दुसरे वाहन ओढणे व जादा ओझे लादणे वर्ज्य समजावे. तेलाची पातळी वरचेवर पहावी.

पुण्याहून सातारा जिल्ह्यातील शिरवळकडे जाणारा रस्ता या दृष्टीने उद्बोधक आहे. कात्रजच्या चढावर गाडी योग्य त्या खालच्या गिअरमध्ये, मध्यम भाराने चढते; पुढे नीरा नदीपर्यंतच्या भागात वेग कमीजास्त करता येतो. उतारावर प्रवेगक सोडला असता सिलिंडरात निर्वात वाढून थोडे तेल कड्यांपर्यंत ओढले जाते आणि झिजेचे कण धुऊन निघण्यास मदत होते. शिरवळच्या दक्षिणेस असलेला खंबाटकी घाट मात्र पूर्ण भरलेल्या नव्या गाडीने भर उन्हात एका दमात चढणे इष्ट नाही.

शेतीपंपांची एंजिने : सातारा व सांगली या जिल्ह्यांत विहिरींवरील डीझेल एंजिनांनी बागायतीस मोठा हातभार लावला. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथील कारखाना १९१० मध्ये सुरू झाला, तर किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. पंपाच्या एंजिनाची गती नियंत्रकाने जवळजवळ स्थिर ठेवलेली असते. त्यामुळे ते वेग बदलून नव्हे, तर भार टप्प्याटप्प्याने वाढवून रुळवावे लागते. रिकामे एंजिन तासन् तास चालविल्याने येथेही कड्या बसत नाहीत.

बदलते स्वरूप : विसाव्या शतकाच्या मध्यास यंत्रणातील अचूकता कमी असल्याने प्रत्येक गिअरसाठी वेगमर्यादा पाळाव्या लागत. नव्या गाडीच्या मागील काचेवर ‘एंजिन रुळवीत आहे, पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावण्याची प्रथा ब्रिटनमध्ये होती. भारतातील फिआट, अँबॅसडर यांच्या मालकांच्याही अंगी हा संयम मुरलेला होता. पुढे सिलिंडराचे उंचवटे कारखान्यातच सपाट करण्याची पद्धत, कड्यांवरील लेप व सुधारलेली तेले यांमुळे रुळविण्याचे बरेचसे काम आधीच उरकू लागले. त्यामुळे नियम सैल झाले, पण नाहीसे झाले नाहीत. वीजेवरील गाडीत दट्ट्या व सिलिंडर नसल्याने हा प्रश्न उद्‍भवत नाही. तथापि नवे टायर व गतिरोधक यांची पकड सर्वच गाड्यांत आरंभीच्या काहीशे किमी.मध्ये पूर्णत्वास येते. म्हणून तेवढे अंतर जपून गाडी हाकणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.