पिंपळाच्या फेऱ्या, कोर्टाच्या फेऱ्या

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरजवळच्या पत्नीपीडितांच्या आश्रमात काही पुरुष पिंपळाला फेऱ्या मारतात. मागणं एकच, ही बायको पुढच्या जन्मी नको. पिंपळच का, तर पिंपळावर मुंजा असतो आणि मुंजाला बायको नसते. चॅनेलवाले येतात, अँकर हसू दाबत बातमी वाचतो, संध्याकाळपर्यंत ती व्हॉट्सअॅपवर फिरून जुनी होते. बरीच वर्षं मीही ती बातमी हसण्यावारीच नेत होतो.

मग एका रविवारी सकाळी पुण्यातल्या एका बागेत अशा मंडळींच्या बैठकीला जाऊन बसलो. पंधरा-वीस जण, कुणी बाकावर, कुणी गवतावर वर्तमानपत्र टाकून. नव्या माणसाला तिथे नाव-गाव कुणी विचारत नाही, पहिला प्रश्न, "कोणकोणत्या केसेस?" त्या दिवशी आलेला मुलगा तिशीतला, डोळे तारवटलेले. म्हणाला, "चारशे अठ्ठ्याण्णव, डीव्ही आणि एकशे पंचवीस." म्हणजे छळाचा गुन्हा, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणि पोटगी. मग चाचरत विचारलं, "दादा, आईला उचलतील का?" पन्नाशीचा एक गृहस्थ प्लास्टिकची फाइल मांडीवर ठेवून बसला होता. "एक्केचाळीस अ ची नोटीस आली ना? मग जायचं, जबाब द्यायचा, सही करून परत यायचं. आणि आधी दोन रात्री नीट झोप. वकिलाचं नंतर बघू." मुलाच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला, तेव्हा तो रडला. पुरुषांना एकमेकांसमोर रडायला आपल्याकडे तशी जागा कुठे आहे? ती या माणसांनी केली, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्यांच्या लेखी ही गोष्ट १९८३ साली सुरू होते. माझ्या मते ती त्याआधी वर्षभर पुण्यातच सुरू झाली. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा ही लग्नाला चार महिने झालेली तरुणी सासरी मृतावस्थेत सापडली. मृत्यू सायनाइडने झाला होता. शहर हादरलं. त्याच वर्षी विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर प्रदर्शन गावोगाव फिरलं. दिल्लीतही हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होतेच. १९६१ चा हुंडाबंदी कायदा कागदावरच राहिल्याचं तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आलं : नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी छळ केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

मंजुश्रीच्या खटल्यात मात्र उच्च न्यायालयापर्यंत कायम राहिलेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये रद्द केली आणि नवऱ्याला सोडलं. परिस्थितीजन्य पुरावा कसा तपासावा याची त्या निकालातली पाच सूत्रं कायद्याचे विद्यार्थी आजही पाठ करतात. ज्या मृत्यूने बायकांना रस्त्यावर आणलं, तोच खटला संशयाचा फायदा आरोपीला का द्यायचा याचा धडा होऊन बसला. वादातल्या दोन्ही बाजूंना यातला आपापला अर्धा भाग तेवढा आठवतो.

तसा पीडित नवरा मुंबईला नवा नाही. पत्नी रखमाबाईंना नांदायला आणण्यासाठी १८८४ मध्ये दावा लावणाऱ्या दादाजी भिकाजींनी १८८७ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिकाच काढली होती. कोर्टाने रखमाबाईंना नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं, आणि शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. एकरकमी रक्कम घेऊन मोकळं होण्याची आजची रीत म्हणजे अगदीच आजची नव्हे. फक्त तेव्हा पैसे नवऱ्याने घेतले.

पीडित नवऱ्यांच्या संघटित चळवळीला बळ आलं ते २००५ नंतर. महाराष्ट्रात पुरुष हक्क संरक्षण समिती त्याआधीपासून होती, पण बंगळुरूच्या सेव्ह इंडियन फॅमिली फाउंडेशनने आयटीतल्या तरुणांना इंटरनेटवरून जोडलं. त्यांच्या हेल्पलाइनच्या क्रमांकाच्या शेवटी ४९८ हा आकडा दोनदा येतो. २००५ मध्येच सुशीलकुमार शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गैरवापरातून नवा 'कायदेशीर दहशतवाद' माजू शकतो, असा इशारा दिला. हे दोन शब्द चळवळीच्या प्रत्येक फलकावर आले. याच निकालाने ४९८ अ घटनेला धरून असल्याचं ठरवलं, हे मात्र मी एकाही फलकावर वाचलेलं नाही.

तक्रारीत तथ्य होतं. २ जुलै २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने आकडेच मांडले : २०१२ या एका वर्षात या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक झाली. त्यांपैकी ४७,९५१ बायका होत्या. सासवा, नणंदा, जावा, परगावी नांदणाऱ्या बहिणीसुद्धा. आरोपपत्रं ९३.६ टक्के प्रकरणांत, शिक्षा मात्र १५ टक्क्यांच्या आसपास. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी कारण नोंदवल्याशिवाय अटक करायची नाही, गरज नसेल तिथे एक्केचाळीस अ ची हजर राहण्याची नोटीस द्यायची, असं न्यायालयाने बजावलं. बागेतला तो गृहस्थ 'नोटीस आली ना' असं शांतपणे म्हणू शकला तो या निकालाच्या जोरावर.

पण १५ टक्के शिक्षा म्हणजे ८५ टक्के खोट्या तक्रारी, हे गणित चळवळीने चालवलं ते चुकीचं आहे. तालुक्याच्या कोर्टात दहा तारखा बसून पाहिलं तरी कळतं. साक्षीदार फिरतात, माहेरचे थकतात, तडजोड होते आणि बाई 'माझी तक्रार नाही' म्हणून मोकळी होते. २०२२ सालच्या राष्ट्रीय नोंदीत हुंडाबळी ६,४५० आहेत. ते आकडे कुठल्या वकिलाने फुगवलेले नाहीत.

पुढचा झोका गमतीचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे जावी. अहमदनगरच्या 'न्यायाधार' या महिला वकिलांच्या संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने समित्या काढून टाकल्या. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या त्याच धर्तीच्या समित्यांवर आणि दोन महिन्यांच्या थांबण्यावर शिक्कामोर्तब केलं. आठ वर्षांत आत, बाहेर, पुन्हा आत.

चळवळीवर माझा खरा आक्षेप आहे तो २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकाबाबत. लग्न पार मोडलं असेल तर दोष कुणाचा हे सिद्ध न करता घटस्फोट मिळावा, अशी त्यात तरतूद होती. खोट्यानाट्या आरोपांची गरजच कमी करणारी वाट हीच. मोकळं व्हायचंय म्हणून वर्षानुवर्षं तारखा मोजणाऱ्या या माणसांनी ती उचलून धरायला हवी होती. त्यांनी विरोध केला, कारण विधेयकात बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा होता. राज्यसभेत ते २०१३ मध्ये मंजूर झालं आणि लोकसभेत मंजूर होण्याआधीच बारगळलं. तेव्हापासून वैवाहिक बलात्कार गुन्हा ठरवण्याला दिल्ली उच्च न्यायालयात विरोध करायला, किंवा २०२२ च्या जानेवारीत 'लग्नावर बहिष्कार' अशी हाक द्यायला चळवळ पुढे होती. रोख कोर्टाच्या दिरंगाईवरून सरकून स्त्रीवादावर गेला. बागेत ज्यांनी नव्या मुलाला झोपायला सांगितलं, तेच फोनवर बायकांच्या शिक्षणाविषयी जे फॉरवर्ड करतात ते इथे छापण्यासारखं नाही.

त्यांचा सर्वांत मोठा फलक आत्महत्यांचा. २०२२ मध्ये देशात १,२२,७२४ पुरुषांनी आणि ४८,१७२ स्त्रियांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. आकडा भयानकच आहे. पण त्या वर्षीच्या एकूण आत्महत्यांत एक चतुर्थांशाहून जास्त माणसं रोजंदारीवरची होती. ती बागेतल्या बैठकीला येत नाहीत, त्यांच्या हातात फाइलही नसते. पुरुष आयोगाची मागणी करणारी याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला, तिच्यातही आत्महत्यांचेच आकडे होते. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका ३४ वर्षांच्या अभियंत्याने लांबलचक चिठ्ठी आणि व्हिडिओ मागे ठेवून जीव दिला, तेव्हा अख्खा देश आठवडाभर हेच बोलत होता.

पुरुषांशी बोलायचं काम दुसऱ्या बाजूनेही झालं, पण त्याला कॅमेरे मिळाले नाहीत. मुंबईची 'मावा' ही संस्था १९९३ पासून तरुण पुरुषांबरोबर हिंसेविरुद्ध काम करते आणि 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक काढते. नारी समता मंचानेच पुढे पुण्यात पुरुषांसाठी संवाद केंद्र उघडलं. आणि कायदाही एकाच बाजूला झुकलेला नाही : २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या एका शिक्षिकेने घटस्फोटित नवऱ्याला दरमहा तीन हजार रुपये पोटगी द्यावी हा आदेश कायम ठेवला.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ४९८ अ आता कलम ८५ आणि ८६ झालं आहे. शब्द जवळपास तेच, गुन्हा अजूनही अजामीनपात्र. बागेत मात्र अजून 'चारशे अठ्ठ्याण्णव'च म्हणतात.