दात नसलेला लाकूडखाऊ

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या कुजत चाललेल्या ओंडक्यापाशी जरा थांबा. त्यातून अर्धगोल, तपकिरी, टणक चकती बाहेर आलेली दिसेल. ही बुरशी. गॅनोडर्मा अ‍ॅप्लॅनेटम ही अशा बुरशांतलीच एक. पण चकती हे नुसतं फळ; खरी बुरशी ओंडक्याच्या आत, केसाहून बारीक तंतूंनी पसरलेली. आणि आत तिचं काय चाललंय? जेवण!

दात नाहीत, पोट नाही, मग लाकूड खाते कशी? लाकूड म्हणजे स्लॅबच: सेल्युलोजच्या सळया आणि भोवती लिग्निनचं सिमेंट. हे लिग्निन इतकं चिवट, की बहुतेक जीव त्याच्या वाटेलाच जात नाहीत. बुरशी मात्र तंतूंतून विकरं सोडून ते फोडते, सेल्युलोजपर्यंत पोचते, ते विरघळवते आणि शोषून घेते. आधी पचवायचं, मग खायचं!

आता चकतीच्या खाली भिंग धरा. पांढऱ्या पृष्ठभागावर भोकंच भोकं, एका मिलिमीटरच्या रेषेत 4 ते 6! नखाने ओरखडा काढलात तर तो लगेच तपकिरी होतो. त्यावर चित्रं काढणारे कलाकारही आहेत.

प्रत्येक भोक म्हणजे एका उभ्या नळीचं तोंड. नळीच्या भिंतीवर बीजाणू तयार होतात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब जमतो, बीजाणूवरच्या ओलाव्यात मिसळतो आणि त्या हिसक्याने बीजाणू उडतो. त्या क्षणीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट! तरी उडी केवढी? समोरच्या भिंतीवर न आपटता नळीच्या पोकळीत येण्यापुरती. पुढे सरळ खाली.

म्हणजे नळी कलली की सगळं फसलं. मग झाडच कोसळलं तर? बुरशी नवी वाढ पुन्हा जमिनीला समांतर धरते. खाली कुठे, हे तिला कळतं! म्हणूनच आडव्या ओंडक्यावर उभी चकती दिसली, तर ती झाड पडण्याआधीची समजा.

आणि मेलेलं लाकूड काय फक्त मेलेल्या झाडातच असतं? जिवंत झाडाचा गाभाही मृत पेशींचाच. अशा बुरशा तिथेही शिरतात. गाभा पोकळ होतो, झाड मात्र उभं राहतं. कोकणातल्या धनेश पक्ष्याला घरट्यासाठी अशी ढोली स्वतः कोरता येत नाही. मादी जिथे स्वतःला कोंडून घेऊन अंडी घालते ती ढोली आयतीच लागते, आणि गाभा कुजल्याशिवाय एवढी मोठी ढोली सहसा होत नाही. तेव्हा ‘झाड किडलंय, तोडून टाका’ म्हणण्याआधी वर एकदा नजर टाकाच!