शिवसागराच्या काठावरची माणसे

११ डिसेंबर १९६७. रमजानचा पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस सुरू होते. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, सहेरीसाठी उठण्याच्या सुमारास, कोयना खोऱ्यातली जमीन हादरली. कोयनानगरमधली बरीचशी घरे कोसळली. सुमारे १८० माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण धरण टिकले. सातारा-सांगलीतली वडीलधारी माणसे ती पहाट अजून विसरलेली नाहीत. मात्र त्या धरणामागच्या पाण्याने ज्यांची घरे भूकंपाच्या आधीच घेतली होती, त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि जावळीच्या अरुंद दरीतून सरळ दक्षिणेला धावते. हेळवाकला ती पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणाजवळच १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. त्याची साठवणक्षमता १०५ टीएमसी. मागे दरीत पन्नासएक किलोमीटर पाणी तुंबले, तोच शिवसागर जलाशय. साताऱ्याहून कासचे पठार ओलांडून खाली उतरले की बामणोली लागते. महाबळेश्वरहून घाट उतरला की तापोळा. इथे सोळशी नदी कोयनेला मिळते. तापोळ्याला पर्यटक 'मिनी काश्मीर' म्हणतात. बोटीत बसून फोटो काढणाऱ्याला वाटते, हे तळे इथे युगानुयुगे असेल. प्रत्यक्षात त्याचे वय साठीच्या थोडे पुढे आहे.

त्याआधी इथे नदी होती, नदीकाठी भाताची खाचरे होती आणि खाचरांच्या कडेला गावे होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढू लागले. सुपीक जमीन आधी बुडाली, मग घरे. काही कुटुंबे त्याच डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. बाकीची सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. भावकी तुटली, ग्रामदैवताची जत्रा तुटली. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती.

जी मागे राहिली, त्यांचा दिवस आजही लाँचच्या वेळेवर चालतो. समोरच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला बाजार, बँक, दवाखाना, वरची शाळा यासाठी पाणी ओलांडून तापोळ्याला यावे लागते. गाडी न्यायची तर तराफा. नवरीची वरात लाँचमधून, आजारी माणूसही लाँचमधून. पावसाळ्यात वारा सुटला की वाहतूक थांबते. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि चिखल तुडवत लाँच गाठावी लागते. उताराच्या जमिनीत नाचणी आणि वरी होते, तीही रानडुकरांनी सोडली तर. तरणी पोरे मुंबईला माथाडीत. गावात म्हातारी माणसे आणि बाया. भोवती कोयना अभयारण्य आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, त्यामुळे काही वस्त्यांना पुन्हा एकदा उठावे लागले.

याच दशकात हजारो मैलांवर, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात हेच घडत होते. व्होल्टा नदीवर अकोसोम्बो धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे विस्थापित झाली. त्यात केटे क्राची हे जुने व्यापारी गाव बुडाले. कोला फळे आणि मिठाचा व्यापार करणारे हौसा मुसलमान तिथे वस्ती करून होते. १९३४ मध्ये वारलेले अल-हाज उमर हे विद्वान आणि कवी याच गावचे इमाम. आजचे केटे क्राची तलावाच्या काठावर नव्याने वसलेले आहे. तिथेही बाजार आणि प्रवास होडीवरच. बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर आदळून होड्या उलटतात. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण केटे क्राचीचा माणूस तापोळ्याच्या धक्क्यावर उभा राहिला, तर त्याला फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

सांगलीकरांचे तर या पाण्याशी रोजचे नाते. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे किती फूट उचलले, ही बातमी इथे आधी वाचली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा मंदिर, मशीद, दुकान, घर असा भेद पुराने केला नाही. उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र उघडे पडते, तेव्हा त्याच कोयनेच्या पाण्याची वाट पाहिली जाते. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांनी दुष्काळी रानात चढणाऱ्या पाण्यातही ते असते. शिवाय डोंगर फोडून पश्चिमेला पोफळीकडे सोडलेल्या पाण्यावर वीज तयार होते. साऱ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभे आहे, ती माणसे? २०१८ मध्ये डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला त्यांनी दिवसेंदिवस ठिय्या दिला. त्यात धरणाच्या वेळी आईच्या कडेवर असलेली पिढी होती आणि तिची नातवंडेही. मागणी जुनीच होती : बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन. यात दया मागितलेली नाही, दान तर नाहीच. ही थकलेली उधारी आहे.

आज पहाटे सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या घराघरांत सहेरीसाठी दिवे लागले. त्याच्या थोडे नंतर शेजारच्या घरात काकड आरतीसाठी लागले. त्या उजेडातला थोडा तरी वाटा शिवसागराच्या तळाशी असलेल्या गावांचा आहे.