पुराची धास्ती आणि मनाची तयारी

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पंचगंगेला महापूर आला. म्हणूनच आज संततधार लागली, की इचलकरंजीच्या नदीकाठी अनेकांची झोप उडते. हवामानबदलामुळे कमी वेळात धो-धो पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत आहेत. त्यामुळे ही भीती म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे.

चिंतेला काम दिले की तिचा भार हलका होतो. सतत मोबाइल पाहण्यापेक्षा ठरावीक वेळी अधिकृत पाणीपातळी पाहावी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी. कागदपत्रे, औषधे कुठे ठेवायची, यंत्रमागाची मोटर कोण उतरवणार, म्हाताऱ्या माणसांना कुठे न्यायचे, हे गल्लीने मिळून पावसाळ्याआधीच ठरवावे.

‘हवामानबदलापुढे आता काही उपयोग नाही’ हा विचार मात्र खरा नाही. तापमानवाढ जेवढी रोखू, तेवढे नुकसान टळते. चिंतेने झोप, भूक, कामातले लक्ष बरेच दिवस हरपले असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर जरूर बोला. मदत मागणे हीही तयारीच आहे.