पडदा काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर गेला असं नाही

पावसाळ्यात पळस्पे फाट्याच्या आसपास हवा दमट असते, वीजही अचानक जाते-येते. अशाच दिवसांत कॉम्प्युटर सुरू करावा, तर पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच. त्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असली, की घरभर घबराट! पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, इनपेजमधल्या उर्दू फाइल्स मॉनिटरमध्ये नसतात. त्या सीपीयूच्या डब्यातल्या हार्ड डिस्कवर असतात. पडदा काळा झाला म्हणून त्या पुसल्या जात नाहीत.

आधी मॉनिटरचा दिवा पाहा. दिवाच लागत नसेल, तर बोर्डाचा स्विच, पिन आणि मॉनिटरमागची वायर तपासा. दिवा लागतो पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं, याचा अर्थ मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. झाडलोट करताना केबल सैल होते. दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा. घरच्या टीव्हीला एचडीएमआय असेल आणि सीपीयूलाही तशीच जागा असेल, तर टीव्ही जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आलं, तर बिघाड मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये आहे.

आता कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर कॉम्प्युटर बहुधा आतून चालू आहे. खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट चित्र दिसलं, तर फक्त मॉनिटरच्या आतला प्रकाश गेला आहे.

कॅप्स लॉकही हलत नसेल, तर पावसाळ्यातला नेहमीचा संशयित म्हणजे रॅम. बोर्डावरून पिन काढा, सीपीयूचं झाकण उघडा, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅमची पट्टी कडेला धरून काढा. तिच्या चकाकत्या कडेवर ओलाव्याने, धुळीने थर बसतो. शाळेतल्या साध्या खोडरबराने तो हलकेच पुसा, भुगा झटका आणि खाच जुळवून ‘टक्’ आवाज येईपर्यंत पट्टी दाबा.

एवढ्यावर थांबा. वायर जोडलेला पत्र्याचा पॉवर सप्लाय किंवा मॉनिटर स्वतः उघडू नका. पिन काढल्यावरही त्यांत वीज साठून राहते. जळका वास आला, तर कॉम्प्युटर पुन्हा सुरूच करू नका.

दुरुस्तीला नेताना स्पष्ट सांगा, “मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.” काळ्या पडद्यावर फॉरमॅट हा पहिला इलाज नव्हेच. पडदा गेल्याने फाइल्स जात नाहीत, फॉरमॅटने मात्र जातात. आणि कॉम्प्युटर सुरू झाला, की त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.