जमिनींतील वायूचा कर्ब तपासणारें लेझरयंत्र कसें निवडावें

उसाचें पाचट जाळावें कीं रानांत कुजवावें, हा वाद वाचकांस नवा नाहीं. कुजविलेल्या पाचटाबरोबर जमिनींतील जुनें सेंद्रिय द्रव्यही वायुरूपानें उडून जातें कीं काय, ह्याचा निकाल मापनानेंच लागेल. लेझरच्या प्रकाशावर चालणारीं यंत्रें त्यासाठीं मिळतात. पण तीं महाग असल्यानें घेण्यापूर्वीं काय पाहावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

कर्बाचे स्थिर अणु दोन जातींचे: शंभरांत सुमारें ९९ हलके व एक जड. ऊस, ज्वारी, मका ह्यांत जड अणूंचें प्रमाण तूर, हरभरा, कापूस ह्यांच्याहून हजारीं सुमारें १४ नें अधिक असतें. म्हणून कापूस-तुरीच्या जुन्या रानांत नवा ऊस केल्यास, निघणारा कर्बाम्ल वायु उसाच्या मुळा-पाचटाचा किती व जुन्या द्रव्याचा किती, हें ओळखतां येतें. जेथें पिढ्यानपिढ्या ऊसच आहे, तेथें हा भेद उरत नाहीं. तेथें ह्या कामासाठीं यंत्र घेणें व्यर्थ होय.

निवडतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, आवाका: बाहेरच्या हवेंत हा वायु दशलक्षांत सुमारें ४२० भाग, तर मातींत कित्येक हजार भाग असतो, केवळ हवेसाठीं केलेलें यंत्र येथें चुकतें. दुसरी, भेसळ: ओल्या मातींतील बाष्प व पाणथळ खाचरांतील गंधकी वायु मापन बिघडवितात. तिसरी, ओढ: यंत्रानें फार वायु ओढल्यास वरची हवा खालीं शिरते, मोजलेला वायु परत मातींत सोडणारी योजना बरी. चौथी, ताळा: ज्ञात प्रमाणाचे निदान दोन वायु जवळ ठेवून यंत्र वारंवार पडताळावें.

एक चूक मात्र यंत्राची नसून हिशेबाची असते. हलके कण मातींतून लवकर निसटतात. त्यामुळें मातींतला वायु मुळांनीं व जंतूंनीं सोडलेल्या वायूहून हजारीं निदान ४.४ नें जड भरतो. ही वजावट विसरल्यास १४ च्या फरकांत सुमारें तीस टक्के हिस्सा उसाच्या नांवें फुकट जमा होतो, आणि जुनें द्रव्य शाबूत असल्याचा भ्रम होतो.

आमचें मत असें कीं, विक्रेत्याच्या पत्रकावर न विसंबतां आपल्याच रानांतील वायूवर यंत्राची परीक्षा घ्यावी, व तेच नमुने मास-स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळेंत तपासवावे. दोन्ही आंकडे जुळले तरच पैसा खर्चावा. वर्षांत नमुने थोडेच असतील, तर ते प्रयोगशाळेंत पाठविणेंच शहाणपणाचें होय.