पुठ्ठ्यातले जलंब जंक्शन

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्यावरची आपली ठळक स्थानके. जलंबला एक फाटा निघतो आणि सुमारे १३ किलोमीटर दक्षिणेला जाऊन खामगावात संपतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक मोल आले. खामगावची कापूस बाजारपेठ नावारूपाला आली. १८६७ साली मुख्य मार्ग नागपूरला पोहोचला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. त्याचे तेव्हाचे नाव होते खामगाव स्टेट रेल्वे.

हा सगळा फाटा एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात मावू शकतो. जगात विकत मिळणारी सर्वांत लहान मॉडेल आगगाडी १:४५० या प्रमाणात धावते. त्या मापाने १३ किलोमीटरचे सुमारे २९ मीटर होतात. जलंबच्या फलाटापासून खामगावच्या शेवटच्या बफरपर्यंत काहीही न गाळता, काहीही न आखडता एवढ्याच जागेत मांडता येईल. अडचण एकच आहे. रूळ, डबे, इंजिने जपान-जर्मनीहून येतील. जलंबची इमारत कोणताही कारखाना बनवणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल, आणि त्यासाठी कागद-पुठ्ठ्याइतके योग्य साधन दुसरे नाही. हे कसे, ते सांगण्यासाठी हा आढावा.

मापे लहान होत गेली

छोट्या आगगाड्यांच्या छंदात सर्वाधिक पसरलेले माप एचओ, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. ब्रिटनमध्ये त्याच रुळांवर १:७६ ची ओओ गाडी चालते. ही मापे ऐसपैस घरांसाठी ठीक होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात घरे आखडली, तशा गाड्याही आखडल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटर रुळांची गाडी रुजवली. तिला एन माप म्हणतात. युरोप-अमेरिकेत ते १:१६०, जपानात १:१५०, ब्रिटनमध्ये १:१४८ धरतात. १९७२ साली मेर्कलिन कंपनीने ६.५ मिलिमीटर रुळांचे झेड माप आणले, १:२२० चे. नंतर २००६-०७ च्या सुमारास जपानमधून अवघ्या ३ मिलिमीटर रुळांचे टी माप आले. तेच हे १:४५०.

आकडे समोर ठेवले की अंदाज येतो. आपल्या जुन्या निळ्या डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर. एन मापात तो १३.३ सेंटिमीटर होतो, झेडमध्ये ९.७ आणि टीमध्ये ४.७. साडेपाच फुटी माणूस एनमध्ये १० मिलिमीटरचा आणि टीमध्ये ३.७ मिलिमीटरचा, म्हणजे एका गव्हाच्या दाण्याहून आखूड. चोवीस डब्यांची पूर्ण गाडी मात्र एन मापात तीन मीटरांच्या पुढे जाते. म्हणून लहान जागेत खरी भारतीय लांब गाडी मांडायची तर मापही लहानच घ्यावे लागते.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. परदेशी रूळ तिकडच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी असतात. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. एन मापात ते साडेदहा मिलिमीटर व्हायला हवे, रूळ मिळतात ९ चे. बहुतेक छांदिष्ट हा फरक सोसतात. पण वऱ्हाडच्या जुन्या लहान गाड्यांना हेच रूळ चपखल बसतात. अकोला-खंडवा मार्गाचे मीटरगेज १:१६० मध्ये ६.२५ मिलिमीटर भरते; त्याला झेडचे साडेसहा मिलिमीटरचे रूळ जवळपास तंतोतंत जुळतात. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला पूर्वी जाणाऱ्या 'शकुंतला' या छोट्या गाडीचे ७६२ मिलिमीटर गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होते. तिला एनचे रूळ चालतात. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले, मेळघाटातून जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज गाडी बंद पडली. दोन्ही आता टेबलावर तरी जिवंत ठेवता येतील.

कागदाची परंपरा

पुठ्ठ्याच्या इमारती हा काही गरिबीतला पर्याय म्हणून जन्मलेला प्रकार नाही. जर्मनीतल्या एसलिंगेन गावी १८३१ साली स्थापन झालेल्या श्रायबर या प्रकाशनाने कापून-चिकटवून उभ्या करायच्या इमारतींचे छापील ताव पिढ्यान्‌पिढ्या विकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये लाकूड आणि धातू मिळेनासे झाले, तेव्हा जेफ्री हेवे यांनी 'मायक्रोमॉडेल्स' काढली: पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर छापलेली इंजिने, जहाजे, इमारती. सारा कारखाना सिगारच्या डब्यात मावतो, अशी त्यांची जाहिरात असे. पुढे सुपरक्विक आणि मेटकाफ या ब्रिटिश कंपन्यांनी रेल्वेच्या छंदासाठी छापील पुठ्ठ्याची स्टेशने, पूल, गोदामे घरोघर पोहोचवली.

या कलेची उंची पाहायची तर ऑक्सफर्डजवळच्या पेंडन संग्रहालयाकडे पाहावे. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांनी पाहिले की खेड्यांतली जुनी घरे पाडली जाताहेत, गवताची छपरे उतरवून पत्रे चढताहेत. त्यांनी प्रत्येक घराची मापे घेतली आणि १:७६ मध्ये ती पुठ्ठ्यात उभारायला सुरुवात केली. दगडन्‌दगड कोरून जलरंगाने रंगवला. नंतर त्यांना सहकारी मिळत गेले आणि हे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले. आज ज्या घरांचा तिकडे मागमूस नाही, ती या पुठ्ठ्यात आहेत.

आपल्याकडे या छंदाचे मोठे घर पुण्यात आहे. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. सिग्नलवर थांबणाऱ्या गाड्या, दिव्यांनी उजळलेले शहर, वाफेच्या इंजिनापासून आधुनिक गाडीपर्यंतचा प्रवास पाहून शाळकरी मुलांच्या कित्येक तुकड्या तिथून भारावून बाहेर पडल्या आहेत. विदर्भातल्या माणसाला जवळ पडेल ते नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाले. पुण्यात ध्यास काय उभारू शकतो ते दिसते, मोतीबागेत आपल्या मुलखाची खरी रेल्वे दिसते. आपल्या मुलखाच्या इमारती लहान मापात मांडण्याचे काम मात्र अजून कुणी तरी हाती घ्यायचे आहे.

आणि हात तर तयारच आहेत. महालक्ष्म्यांची आरास, गणपतीचे मखर, मंडळाचा देखावा, दिवाळीचा आकाशकंदील ही सगळी कागद कापण्याची शाळाच आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हापासून सजावटवाले पुन्हा पुठ्ठ्याकडे वळले. कमानी, खांब, कळस पुठ्ठ्यात उभे करणारा माणूस आज तालुक्याच्या गावीही भेटतो. त्याच्या हाताला फक्त मापाची शिस्त लावायची आहे.

एक गुमटी, जवळून

सुरुवात गुमटीपासून, म्हणजे गेटमनच्या खोलीपासून करावी. तीन मीटर लांब, तितकीच रुंद आणि उंच अशी खोली धरली तर एन मापात तिची प्रत्येक बाजू १९ मिलिमीटरची होते. दरवाजा २.१ मीटरचा, म्हणजे १३ मिलिमीटर. जुनी दगडी भिंत दीड फूट जाड असेल तर मापात ती २.८ मिलिमीटर भरते. बाइंडरकडे मिळणारा दीड मिलिमीटरचा करडा पुठ्ठा दुहेरी चिकटवला की तेवढी जाडी मिळते. ही जाडी महत्त्वाची आहे. खिडकी भिंतीत किती आत बसली आहे, यावर इमारत खरी वाटते की खोक्यावर चितारलेली, ते ठरते. म्हणून गाभा पुठ्ठ्याचा करावा आणि वरचे कातडे कागदाचे. चारही भिंतींचे कातडे एकाच पट्टीत काढून कोपऱ्यांवरून फिरवले की कोपऱ्यात सांधा दिसत नाही.

कागदाला पोत असतो. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटण्याच्या दिशेला समांतर घडी घातली की कडेला तडा जात नाही. घडीवर आधी स्टीलची पट्टी ठेवून बोथट टोकाने रेघ दाबावी. कापलेल्या कडेला पांढरा कागद डोकावतो. तिथे भिंतीच्याच रंगाची पेन्सिल फिरवावी. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद डकवला तर तो सुकताना वाकतो, म्हणून आतल्या बाजूलाही कागद लावावा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा ओलसर होते आणि कसर लागते. बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात ते याचसाठी. मात्र मोरचूद विषारी आहे; मुलांच्या हाती फेविकॉलच द्यावा.

आता छप्पर. मंगलोरी कौलांची एक ओळ साधारण एक फूट उघडी दिसते, म्हणजे एन मापात २ मिलिमीटर. साध्या ८० जीएसएम कागदाच्या पट्ट्या खालून वर एकीवर एक चढवत न्याव्यात, प्रत्येकीची २ मिलिमीटर कड उघडी ठेवून. त्या कागदाची जाडी असते सुमारे ०.१ मिलिमीटर. तिला १६० ने गुणा: १६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास खऱ्या कौलाची जाडी. या मापात प्लास्टिकचे ओतीव छप्पर जाड आणि बोजड वाटते. कागद मात्र नेमका कौलाएवढाच पातळ असतो. लहान मापात कागद ही तडजोड राहत नाही, तोच अचूक ठरतो.

टी मापात गणित बदलते. तिथे एका विटेची उंची ०.१७ मिलिमीटर होते, आणि ३०० डीपीआयच्या छपाईत तेवढ्या जागेत दोनच ठिपके बसतात. विटा काढण्याचा हट्ट तिथे सोडावा. एन मापाचे मॉडेल एक फुटावरून पाहणे म्हणजे खरी इमारत जवळपास पन्नास मीटरांवरून पाहणे. टी मापात हेच अंतर १३५ मीटर होते. इतक्या दुरून वीट दिसत नाही, भिंतीचा एकूण रंग दिसतो, ओसरीची सावली दिसते, छपराचा उतार दिसतो. रंग खऱ्यापेक्षा थोडे फिके आणि धुरकट ठेवावेत. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे खऱ्यात एक फूट उंच धरली तर एनमध्ये ती पावणेदोन-दोन मिलिमीटरची होतात आणि 'जलंब' स्पष्ट वाचता येते. छपाई शक्यतो लेझरची करावी. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते आणि उन्हाने उडते.

आता का

६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्यात महाराष्ट्रातली ४४ आहेत. प्रवाशांची सोय होते आहे, हे चांगलेच आहे. पण जुने दर्शनी भाग, केबिन, मालधक्के, पाण्याच्या टाक्या, कर्मचाऱ्यांच्या चाळी या ओघात जाणार. कुठल्याही पुरातत्त्व यादीत त्यांची नोंद नसते. लोणारची देवळे आणि सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा राजवाडा जपायला कायदा आहे; जिनिंग-प्रेसिंगच्या शेडला आणि तिच्याशेजारच्या मालगाडीच्या धक्क्याला कुणी नाही. खामगाव-मलकापूरच्या कापूसपेठेची गोष्ट मात्र या इमारतींशिवाय अपुरी राहते.

मापे घेणे अवघड नाही. स्टेशन मास्तरांची परवानगी घ्यावी, भिंतीला टेकवून एक मीटरची रंगीत काठी उभी करावी आणि समोरून, सरळ, प्रत्येक बाजूचा फोटो काढावा. काठीवरून बाकी सगळे मोजता येते. घरी चौकटीच्या कागदावर आराखडा उतरवावा. एकदा आराखडा झाला की तोच ताव कोणत्याही मापात छापता येतो: घरातल्या टेबलासाठी १:१६०, शाळेच्या व्हरांड्यासाठी १:४५०.

आपल्या जिल्ह्याला याची विशेष गरज आहे. तेरा तालुक्यांपैकी उत्तरेकडचे मोजकेच रुळांवर आहेत. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असून तिथे रेल्वे नाही. चिखली, मेहकर, देऊळगाव राजाच्या मुलांना गाडी पाहायला दूर जावे लागते. खामगाव-जालना मार्गाची मागणी शतकभर जुनी आहे. तो मार्ग आपल्या गावावरून कसा जाईल, घाट कुठे लागेल, स्टेशन कुठे असावे, हे चिखलीच्या शाळेतल्या मुलांनी नकाशावर मोजून पुठ्ठ्यात मांडले, तर भूगोल, गणित आणि कार्यानुभव एकाच टेबलावर शिकून होईल. शिवाय आपल्या भागाच्या मागणीचा अर्थ त्यांना स्वतःच्या हातांनी कळेल.

या दिवाळीच्या सुट्टीत एका शाळेने, एका वाचनालयाने किंवा चार मित्रांनी जलंब-खामगाव फाट्यावरची एकेक इमारत वाटून घ्यावी. मापे घेतलेली कागदपत्रे आणि कापायचे ताव सर्वांना फुकट वापरू द्यावेत, म्हणजे शेगावचा ताव मलकापुरात आणि मलकापूरचा मेहकरात पोहोचेल. खर्च वही-पुस्तकांच्या दुकानातला आहे. रूळ आणि गाडी सवडीने येतील. इमारती थांबणार नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी.